लॅव्हॉनचं दुकान आणि कोपऱ्यातला झेल

बेल्कर गावात पुरुषांचे केस कापायचं दुकान एकच, आणि ते चालवायची लॅव्हॉन ह्रुस्का. दुकान मूळचं तिच्या वडिलांचं, एमिल नोव्होत्नींचं. एमिलचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी कात्री लेकीच्या हातात दिली. गावातल्या म्हाताऱ्यांना बाईच्या हाती मान द्यायची म्हणजे सुरुवातीला जिवावर आलं. पण दुसरं दुकान नदीपलीकडे, आणि हिवाळ्यात तो रस्ता बर्फाने बंद. एकेक जण नाइलाजाने येऊन बसला आणि मग उठलाच नाही.

उठलाच नाही हे अगदी खरं, कारण केस कापून झाल्यावरही कुणी घरी जायचं नाही. विशेषतः सोमवारी सकाळी. आयोवाच्या त्या भागात शरद ऋतूत मक्याची कापणी आणि फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायचा, फेकून झेलायचा अमेरिकन फुटबॉल, सोडून माणसं तिसऱ्या गोष्टीवर फारसं बोलत नाहीत, आणि मका काही दर शनिवारी नव्याने कापला जात नाही. गावापासून जवळच कॉर्विन कॉलेज. शनिवारी तिथे जो सामना व्हायचा तो सोमवारी लॅव्हॉनच्या दुकानात पुन्हा खेळला जायचा. ती भल्या सकाळी कॉफीचं मोठं भांडं चढवायची, आदल्या संध्याकाळी भाजलेले खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड सारणाचे छोटे पाव, ताटात मांडायची आणि कात्री हातात घेऊन ऐकत राहायची.

सगळ्यात मोठा आवाज गेलर्ड ट्वीटनचा. धान्याच्या कोठाराचा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेला हा उंचपुरा माणूस एमिलचा जिवलग दोस्त. लॅव्हॉन लहानपणापासून त्याला काका म्हणायची. समोरच्या बाजूला एकटा रुबेन शिमेक. रुबेनच्या दोन्ही मुली नदीपलीकडच्या एल्मस्टेड गावातल्या कॉलेजात शिकल्या, म्हणून गावात एल्मस्टेडची बाजू घेणारा तो एकमेव. पण अंत्यविधीचा व्यवसाय त्याचा, त्यामुळे कुणी त्याला फार दुखवायचं नाही. शेवटी सगळ्यांना त्याच्याकडेच जायचं होतं.

आणि या सगळ्यांच्या मधे, खिडकीपाशी कॉफी घेऊन बसलेला लॅव्हॉनचा नवरा वेंडेल. आठवडाभर शाळेच्या बस दुरुस्त करायचा आणि शनिवारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून कुठल्या ना कुठल्या मैदानावर पंच म्हणून उभा राहायचा. त्याची जागा मैदानाच्या कडेला, रेषेवर. म्हातारे पंचांच्या नावाने खडे फोडायचे आणि वेंडेल हसत ऐकून घ्यायचा. "पंचाच्या तोंडावर पंचांना शिव्या देण्यात जी मजा आहे ना," गेलर्ड म्हणायचा, "ती चर्चमधे नाही मिळत."

घरी मात्र एक नियम होता. वेंडेलने दिलेल्या निर्णयाबद्दल लॅव्हॉन कधी विचारायची नाही. हा नियम कुणी घातला ते दोघांनाही आठवत नव्हतं.

कॉर्विन आणि एल्मस्टेडचा सामना नोव्हेंबरात. जिंकणाऱ्याला मिळायचं काय, तर दुधाचं एक पोचे पडलेलं जुनं कॅन. दोन्ही कॉलेजं मिळून त्या कॅनसाठी जीव टाकायची. अठ्ठ्याऐंशी सालच्या त्या शरदात कॅन कित्येक वर्षं एल्मस्टेडलाच होतं, आणि कॉर्विनचा संघ या वेळी खरंच चांगला होता. वेंडेलला हा सामना कधी मिळायचा नाही, कारण तो कॉर्विनच्या हाकेच्या अंतरावर राहायचा. पण सामन्याच्या आदल्या दिवशी नेमलेला पंच तापाने आडवा झाला, दुसरा कुणी सापडेना, आणि दोन्ही प्रशिक्षकांनी सांगितलं, ह्रुस्का चालेल, तो सरळ माणूस आहे.

फोन ठेवून वेंडेल स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याचा चेहरा शाळकरी पोरासारखा झाला होता.

"नको जाऊस," लॅव्हॉन म्हणाली.

"अगं, हा सामना मला आयुष्यात पुन्हा मिळणार नाही."

"म्हणूनच म्हणते, नको जाऊस. कुणीतरी हरणारच आहे. आणि कॉर्विन हरलं तर आपल्याला इथेच राहायचंय."

तो गेला. तीही गेली, आणि कॉर्विनच्या बाजूला, आपल्याच गावच्या लोकांत बसली. गेलर्ड आणि त्याची बायको आर्डिस दोन रांगा पुढे होते. वारा असा बोचरा की थर्मासमधली कॉफी ओतेपर्यंत गार व्हायची.

शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा कॉर्विन तीन गुणांनी मागे होतं. एकच चेंडू टाकायला वेळ होता. तो उंच उडाला आणि मैदानाच्या पार शेवटच्या कोपऱ्याकडे गेला. कॉर्विनचा एक सडपातळ पोरगा धावत येऊन हवेत ताणला गेला, त्याने चेंडू बोटांवर घेतला, छातीशी दाबला आणि रेषेपाशी खाली आला. एक पाय रेषेच्या आत टेकला की झेल पक्का, सामना कॉर्विनचा, कॅन कॉर्विनचं. सगळं स्टेडियम उभं राहिलं. त्या कोपऱ्यात, पोरापासून हातभर अंतरावर, एकच पंच होता.

वेंडेलने खाली पाहिलं. मग दोन्ही हात आडवे हलवले. झेल नाही.

लॅव्हॉनला त्यानंतरचा आवाज आठवतो तो माणसांचा म्हणून आठवतच नाही. मागून कुणीतरी पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतं. पलीकडे एल्मस्टेडची पोरं कॅनभोवती नाचत होती. गेलर्डने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आता हा काहीतरी ओरडणार म्हणून ती सावरून बसली. पण तो काहीच बोलला नाही. टोपी खाली ओढली, आर्डिसचा हात धरला आणि पायऱ्या उतरून निघून गेला.

मैदानाबाहेर पडताना कुणीतरी वेंडेलच्या अंगावर गरम कोको फेकला. रविवारी तिने शर्टाचे पांढरे पट्टे घासघासून धुतले.

सोमवारी तिने नेहमीसारखी कॉफी चढवली, कोलाचे मांडले. सात वाजले, आठ वाजले. रस्त्यावरून ओळखीच्या गाड्या गेल्या, दुकानापाशी एकही थांबली नाही. नऊच्या सुमारास दार उघडलं आणि रुबेन शिमेक आत आला. रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवून त्याने विचारलं, "कुणी गेलंय का? मला कसं नाही कळलं?"

लॅव्हॉन हसायला गेली, पण तिला हसू येईना.

"बस रुबेन. कॉफी घे. जिंकलात तुम्ही."

"जिंकलो, पण सांगू कुणाला?" तो गरीब चेहऱ्याने खुर्चीत बसला. "शनिवार रात्रीपासून तयारी करून ठेवली होती गं. गेलर्डला काय काय ऐकवायचं, सगळं घोकून आलोय."

"मला ऐकव."

"तुला काय ऐकवू? तू भांडणार थोडीच." त्याने एक कोलाचे खाल्ला, केस कापायचे नसताना थोडेसे कापून घेतले आणि गेला.

तो आठवडा असाच गेला. कुणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर तिने चार शब्द परत दिले असते आणि विषय संपला असता. पण ती किराणा दुकानात शिरली की गप्पा थांबायच्या आणि सगळ्यांना एकदम हवामान आठवायचं. चर्चमधे आर्डिसने लांबूनच मान हलवली. ज्या दुकानात वडिलांच्या काळापासून कधी शांतता ऐकली नव्हती तिथे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. वेंडेल सोमवारी तर आला नाहीच, पण एरवी जेवणाच्या सुट्टीत डोकावायचा तेही त्याने बंद केलं.

मग गुरुवारी ती मटणाच्या काउंटरपाशी रांगेत होती. शेल्फच्या पलीकडून दोन माणसं बोलत होती. ती तिथे आहे हे त्यांना दिसत नव्हतं.

"झेल चांगला होता. सगळ्यांनी पाहिला."

"वेंडेलनेही पाहिला असणार. पण तो पडला आपला. आपल्या बाजूने दिला असता तर एल्मस्टेडवाले म्हणाले असते, घरचा पंच. म्हणून दिला उलटा. आपण किती सरळ आहोत ते दाखवायला."

लॅव्हॉन काहीही न घेता घरी आली. तिने वेंडेलला सांगितलं नाही, पण सांगायची गरजही नव्हती. संध्याकाळी जेवताना त्याने काटा खाली ठेवला.

"लोक काय म्हणतायत माहितेय ना तुला?"

"लोकांना काय, तोंड दिलंय."

"मुद्दाम दिला म्हणतायत. आपल्याच पोरांविरुद्ध. चांगलं दिसायला." तो ताटाकडे बघत होता. "लॅव्हॉन, असंच असेल का गं?"

तिने नियम मोडला. "तू काय पाहिलंस?"

"पाय बाहेर पाहिला. त्या वेळी पाहिला. पण आता पाच दिवस तेच तेच डोळ्यासमोर आणतोय तर कधी आत दिसतो, कधी बाहेर. आणि मग वाटतं, मला बाहेर बघायचाच होता का?" तो उठला, ताट सिंकमधे ठेवलं. "शर्ट परत पाठवून देतो. बास झालं."

लग्नाला एवढी वर्षं झाली होती. तिने त्याला थकलेला पाहिला होता, चिडलेला पाहिला होता. स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेणारा वेंडेल तिने पहिल्यांदा पाहिला. निर्णय चुकला असता तर तिला चाललं असतं. चुकतात माणसं. पण हा माणूस आतून पोखरला जातोय, आणि त्याच्यासाठी आपल्याला काहीच करता येत नाही, हे तिला सोसवेना.

पुढच्या सोमवारी तिने कॉफीचं छोटं भांडं काढलं. मोठं भांडं वाया जातं. कोलाचे केले नव्हते. रुबेन येऊन वर्तमानपत्र उघडून बसला होता, तेवढ्यात बाहेर गेलर्डची निळी पिकअप थांबली.

गेलर्ड आत आला आणि दारातच उभा राहिला. कान झाकणाऱ्या पट्ट्यांची फरची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

"सुप्रभात," तो भिंतीला उद्देशून म्हणाला.

"सुप्रभात काका. टोपी काढा की."

"थंडी आहे."

"आत नाहीये."

त्याने रुबेनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि सुटका नाही हे कळल्यावर टोपी काढली.

लॅव्हॉनच्या हातातला कंगवा खाली पडला. गेलर्डच्या डोक्याच्या डाव्या बाजूला, कानापासून थेट टाळूपर्यंत, कुणीतरी नांगराने एक सरी काढावी तसा पांढरा रस्ता गेला होता. उरलेले केस एका बाजूला लांब, एका बाजूला आखूड. मागे तर काहीतरी कुरतडल्यासारखं.

"काका! हे कुणी केलं?"

"एल्मस्टेडला गेलो होतो," तो पुटपुटला. "शुक्रवारी."

"एल्मस्टेडला?" रुबेनने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "केस कापायला? तू?"

"मग कुठे जाणार होतो? इथे येऊन काय तोंड दाखवणार होतो?" गेलर्ड खुर्चीत धपकन बसला. "त्या न्हाव्याने विचारलं, कुठले तुम्ही. म्हटलं बेल्करचा. म्हणाला, वा, काय सुंदर निर्णय दिला हो तुमच्या माणसाने. मी म्हटलं, सुंदर? अरे, तो पाय आत होता! तो म्हणाला बाहेर. मी म्हटलं आत. तो म्हणाला बाहेर आणि हात असा केला, असा, आणि हातात मशीन चालू."

रुबेनला हसू आवरेना. तो इतका वाकला की कॉफी मांडीवर सांडली. आणि लॅव्हॉन, जिने गेले कित्येक दिवस ओठ घट्ट धरून ठेवले होते, ती आरशाच्या फळीला धरून हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गेलर्डने ते आरशात पाहिलं.

"पोरी," तो हळूच म्हणाला, "मी त्या दिवशी फार भडकलो होतो. तोंड उघडलं असतं तर भलतंच काहीतरी निघालं असतं, आणि समोर एमिलची लेक. म्हणून बंद ठेवलं. मग बंद ठेवलं ते उघडायचं कसं, तेच कळेना."

"बोलला असतात तर बरं झालं असतं काका."

"आर्डिसही तेच म्हणाली. डोकं बघितल्यावर म्हणाली." त्याने घसा खाकरला. "तो आंधळा कुठाय?"

"कामावर. तो येणार नाही. तो... लोक म्हणतायत ना, त्याने मुद्दाम दिला, चांगलं दिसायला. ते त्याच्या मनाला लागलंय. त्यालाही आता तसंच वाटायला लागलंय."

"कोण म्हणतं असं?" गेलर्ड खुर्चीतून अर्धा उठला, तसं तिने खांदे दाबून त्याला बसवलं आणि गळ्याभोवती कापड बांधलं. "मुद्दाम? चेंडू खाली येईपर्यंत एवढा विचार करायचा, की अमुक दिलं तर तमके काय म्हणतील? त्याला डोकं लागतं! वेंडेलला सकाळी मोजे कुठले घालायचे ते सुचत नाही. आण तो फोन इकडे."

तिने बस डेपोचा नंबर फिरवून दिला. गेलर्डने पलीकडचा आवाज येताच सुरुवात केली. "वेंडेल? गेलर्ड बोलतोय. ताबडतोब दुकानात ये. तुला शिव्या द्यायच्यात. नाही, फोनवर नाही. तू समोर नसताना देणं बरं दिसत नाही."

लॅव्हॉन मागच्या खोलीत गेली, मोठं कॉफीचं भांडं काढलं आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. छातीवर ठेवलेलं पोतं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसा तिला श्वास आला.

गेलर्डची पिकअप दुकानासमोर उभी आहे ही बातमी गावभर जायला काही वेळ लागला नाही. एकेक करत नेहमीची मंडळी आत आली, कुणी लॅव्हॉनच्या नजरेला नजर न देता, कुणी उगाच खांद्यावर थोपटून. ती मागे कॉफी करत होती तोवर वेंडेल आला. हाताला ग्रीस, चेहऱ्यावर फाशीच्या कैद्याची कळा.

"आला बघा," गेलर्ड म्हणाला. डोक्याची एक बाजू कापलेली, गळ्याभोवती कापड, आणि आवाज पहिल्यासारखा. "चष्मा हवाय का लेका तुला?"

"तुला आरसा हवाय," वेंडेल त्याच्या डोक्याकडे बघत म्हणाला.

खोलीत असा हशा उठला की रस्त्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

मग जे व्हायचं ते झालं. कुणीतरी म्हणालं, पोराचा पाय तिरका होता. दुसरा म्हणाला, सरळ. रुबेनने पावडरचा डबा घेतला आणि फरशीवर सरळ पांढरी रेघ ओढली. "ही कड. दाखव, कुठे होतास."

"माझी फरशी!" लॅव्हॉन म्हणाली, पण तिने कुणाला अडवलं नाही.

वेंडेल रेघेपाशी जाऊन उभा राहिला. गेलर्ड गळ्यातल्या कापडासकट उठला, कारण झेल घ्यायचा तर तोच घेणार. कुणीतरी गुंडाळलेला टॉवेल फेकला. सत्तरीचा गेलर्ड हात वर करून दोन पावलं धावला, टॉवेल पकडला आणि रेघेपाशी दणकन पाय आपटला. वेंडेलची नजर आपसूक खाली गेली.

आणि तो तसाच थांबला.

"हात बघितलेस का त्याचे?" कुणीतरी विचारत होतं. "चेंडू पक्का होता का?"

"हात नाही बघितले," वेंडेल सावकाश म्हणाला. "हात बघायचं काम माझं नव्हतं. मी पाय बघत होतो. नुसते पाय." तो गेलर्डच्या बुटाकडे बघत होता. बुटावर आता पावडर उडून बसली होती आणि त्याचे डोळे तिथेच खिळले होते. "टाच आधी आली. टाच चुन्याच्या रेघेवर पडली आणि चुना उडाला. असाच. मग पुढचा पाय. रेघेला शिवलं की बाहेर." त्याने वर पाहिलं. "पोरगा कुठल्या कॉलेजचा ते मला तेव्हा माहीतही नव्हतं म्हटलं तरी चालेल. मला एक बूट दिसत होता."

लॅव्हॉनने त्याचा चेहरा पाहिला. तो पुन्हा तिच्या ओळखीचा झाला होता.

"चुना वाऱ्याने उडाला असेल," गेलर्ड म्हणाला.

"वारा उलट्या बाजूने होता," रुबेन म्हणाला.

"तुला काय माहीत, तू तर त्या बाजूला बसला होतास!"

"म्हणूनच माहीत, माझ्या तोंडावर येत होता!"

तिथून जे सुरू झालं ते जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं. गेलर्डने पाय आत होता हे म्हणणं त्या दिवशी सोडलं नाही आणि पुढेही कधी सोडलं नाही. दोन-तीन जण वेंडेलच्या बाजूला गेले, दोन-तीन गेलर्डच्या बाजूला राहिले, आणि एक जण प्रत्येक कपानंतर बाजू बदलत होता. मुद्दाम दिला असं मात्र नंतर कुणाच्या तोंडून आलं नाही. निदान गेलर्डच्या कानावर जाईल अशा ठिकाणी तरी नाही. लॅव्हॉनने गेलर्डचं डोकं जमेल तेवढं सारखं केलं. जमेल तेवढं म्हणजे जवळजवळ सगळंच काढलं. आर्डिसने संध्याकाळी फोन करून विचारलं, हा कुणाचा नवरा घरी पाठवलास?

शर्ट वेंडेलने परत पाठवला नाही. अजून चार हंगाम तो रेषेवर उभा राहिला. मग गुडघ्यांनी नकार दिला तेव्हा त्याने खुशीने सोडलं.

त्या सोमवारी संध्याकाळी तो म्हणाला, "चल, बाहेर जेवू." दोघं चौकातल्या कॅफेत गेले. आत गर्दी होती. ते दारात शिरले तशी एक-दोन डोकी वळली, आणि लॅव्हॉनचे खांदे सवयीने ताठ झाले. कोपऱ्यातल्या टेबलावरून एक शेतकरी, ज्याची त्यांची फक्त मान हलवण्यापुरती ओळख, मोठ्याने ओरडला, "ओ पंच! इकडे या, मेनू वाचून दाखवतो!"

"मोठ्याने वाच," वेंडेलने तिथूनच उत्तर दिलं, "कानही गेलेत म्हणतात."

सगळं कॅफे हसलं. वाढणारी पोरगी कॉफी घेऊन आली. वेंडेलने डुकराचं भाजलेलं मांस, डंपलिंग, आंबट कोबी आणि वर चेरीचं सारण भरलेली गोड पेस्ट्री मागवली, आणि लॅव्हॉनने कोटाची बटणं सोडत सांगितलं, "मलाही तेच. सगळं."